उंची मोजल्याशिवाय

लॅबमधून मिळणारा कागद साधा असतो. डावीकडे तपासणीचे नाव, मध्ये आकडा, उजवीकडे ‘नॉर्मल रेंज’. वर्षभराच्या बाळाचे क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचे द्रव्य, १.०, उजव्या रकान्यात ०.६ ते १.२. आकड्यापुढे ना फुली, ना ठळक अक्षर. आईवडील कागदाची घडी घालून पिशवीत ठेवतात आणि जीव भांड्यात पडल्यासारखे घरी जातात. बाळाची उंची कोणी मोजलेली नसते.

ती मोजली आणि ७५ सेंटिमीटर भरली, तर पुढचा हिशेब एका ओळीचा आहे. उंचीला ०.४१३ ने गुणायचे आणि क्रिएटिनीनने भागायचे. उत्तर येते ३१, हे किडन्यांच्या गाळण्याच्या कामाचे माप. निरोगी मुलात हाच आकडा १०० च्या आसपास असतो. म्हणजे या बाळाच्या किडन्यांचे दोन तृतीयांश काम गेलेले आहे आणि हातातला कागद मात्र सगळे ठीक आहे म्हणतो. क्रिएटिनीन स्नायूंतून येते आणि वर्षाच्या बाळाच्या अंगावर स्नायू ते किती असणार! त्याचे निरोगी क्रिएटिनीन ०.२ ते ०.४ च्या घरात असते. कागदावर छापलेली रेंज मोठ्या माणसाची आहे.

किडनी निकामी झालेली मुले किती जगतात, हा प्रश्न विचारला की उत्तरादाखल टक्केवारी पुढे येते. ती महत्त्वाची आहेच, पण तिची मुळे अशा कागदांमध्ये आहेत. डायलिसिस सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कोणी टेप लावली आणि कोणी लावली नाही, इथपासून तो आकडा घडायला लागतो.

टक्केवारी आधी पाहून घेऊ. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये डायलिसिस किंवा प्रत्यारोपण सुरू झालेल्या रुग्णांची एक सामाईक नोंदवही आहे. तिच्यातून १९६३ ते २००२ या काळातली, विशीच्या आतली १,६३४ मुले वेगळी काढून मॅकडोनल्ड आणि क्रेग या दोघांनी २००४ मध्ये त्यांचा हिशेब मांडला. दहा वर्षांनी १०० पैकी ७९ मुले हयात होती, वीस वर्षांनी ६६. त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना केली तर मृत्यूचे प्रमाण ३० पट. ज्यांना वयाचे वर्ष पुरे होण्याआधीच उपचार लागले, त्यांना धोका १५ ते १९ वर्षांच्या मुलांच्या चौपट. आणि डायलिसिसवर असतानाचा धोका प्रत्यारोपण झालेल्यांच्या चौपटीहून जास्त.

हे आकडे वाचताना दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, या वहीत १९६३ चे मूल आणि २००२ चे मूल शेजारी शेजारी बसले आहे. चार दशकांत जगण्याचे प्रमाण सुधारत गेले, हेही त्याच अभ्यासात दिसते. त्यामुळे आज आजार कळलेल्या मुलाच्या आईला ६६ हा आकडा जसाच्या तसा सांगणे बरोबर नाही. दुसरी, प्रत्यारोपणापर्यंत जी मुले पोचतात ती मुळातच थोडी धडधाकट असतात. जे बाळ फार अशक्त आहे, ज्याला इतर अवयवांचेही आजार आहेत, ते डायलिसिसवरच राहते. चौपटीतला काही वाटा या निवडीचा आहे. तरीही मुलाला जितक्या लवकर चांगली किडनी मिळेल तितके बरे, यात शंका घेण्याजोगे काही उरत नाही.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मृत्यूच्या कारणांची ओळ. ४५ टक्के मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांमुळे, २१ टक्के जंतुसंसर्गामुळे. किडनी बंद पडली म्हणून मूल जाते असे नाही, तिचे काम यंत्र आणि औषधे बऱ्यापैकी ओढून नेतात. मूल जाते ते वर्षानुवर्षे चढलेल्या बीपीने जाड झालेल्या हृदयामुळे, अंगात साठलेल्या पाण्यामुळे, डायलिसिसच्या नळीतून आत गेलेल्या जंतूमुळे. ही सगळी रोजच्या हाताळणीतली, म्हणजे सुधारता येण्याजोगी कारणे आहेत.

एके काळी हा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. १९५२ च्या डिसेंबरात पॅरिसच्या नेकर रुग्णालयात मारियुस रेनार या १६ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईची किडनी बसवली गेली. कामावर उंचावरून पडून त्याची किडनी फाटली होती, ती काढावी लागली आणि मग कळले की त्याला जन्मापासून तेवढी एकच होती. आईची किडनी तीन आठवडे चालली. शरीराचा नकार रोखणारी औषधे तेव्हा हाताशी नव्हती. पुढे १९६० मध्ये सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी तयार केली आणि महिनोन्‌महिने डायलिसिस करणे शक्य झाले. यंत्रे मोजकी होती, म्हणून ती कोणाला द्यायची हे ठरवायला नागरिकांची समिती नेमली. त्या समितीपुढे लहान मुलांची नावे जातच नव्हती. पंचेचाळिशीच्या पुढचे रुग्ण आणि मुले, दोन्ही डॉक्टरांनी आधीच वगळले होते.

आता मुलांकडे वळू. मोठ्या माणसांच्या किडन्या जातात त्या बहुतेक मधुमेहाने आणि रक्तदाबाने. मुलांचे तसे नाही. जवळपास निम्म्या मुलांत दोष जन्मजात असतो: किडनी नीट घडलेली नसते किंवा लघवीच्या वाटेत अडथळा असतो. उरलेल्यांत स्टिरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिने वाहून जाण्याचा आजार) आणि काही आनुवंशिक आजार येतात. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः एक पातळ पडदा असतो, त्याला डॉक्टर ‘व्हाल्व्ह’ म्हणतात. तो असला की लघवी मूत्राशयातून मोकळी बाहेर पडत नाही, दाब मागे किडन्यांपर्यंत जातो आणि बाळ पोटात असल्यापासून त्यांचे नुकसान सुरू होते. गर्भारपणातल्या सोनोग्राफीत किडन्या फुगलेल्या दिसल्या तर तो कागद जन्मानंतरही जपून ठेवावा आणि बाळाची सोनोग्राफी पुन्हा करून घ्यावी. जन्मानंतरची खूण त्याहून सोपी आहे. मुलाची लघवीची धार पाहावी. ती कमानीसारखी लांब न जाता थेंबथेंब गळत असेल, किंवा बाळ लघवी करताना कुंथत असेल, तर ‘लहान आहे, होईल मोठा’ म्हणून थांबू नये. पडदा दुर्बिणीतून काही मिनिटांत कापता येतो. त्यानंतर वर्षभरात क्रिएटिनीन खाली खाली येत ०.८ च्या आत स्थिरावले तर पुढची वाट बरीच सुकर होते. ते १ च्या वरच अडकले तर किडनी पुढेमागे जाणार हे धरून तयारी करावी लागते.

तयारी म्हणजे काय, हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण याच वर्षांत सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या मायेपोटी होतात.

किडनीचा आजार म्हटला की घरात पहिल्यांदा मीठ बंद होते. शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात. मोठ्यांच्या बाबतीत ते बहुधा योग्यही असते. पण जन्मजात बिघडलेली किडनी लघवी कमी करत नाही, उलट भरमसाट करते. पाणचट, रंगहीन लघवी, आणि तिच्यातून मीठ वाहून जाते. असे मूल रात्रीतून चार वेळा उठून पाणी मागते, लंगोट सतत ओले असते आणि अंग धरत नाही. त्याचे मीठ तोडले की वाढ आणखी खुंटते. एक साधा जुलाबाचा झटका आला तरी हे मूल इतरांपेक्षा लवकर सुकते आणि त्या दोन दिवसांत उरलीसुरली किडनीही जाऊ शकते. अशा बाळांना मीठ वरून द्यावे लागते. एक ग्रॅम मिठात सुमारे १७ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) सोडियम असते. रक्तातले सोडियम, बीपी आणि वजन पाहून डॉक्टर मात्रा ठरवतात आणि ती दिवसभराच्या दुधात वाटून द्यायची असते. चिमटीच्या अंदाजाने मीठ घालू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून बंदही करू नये. ज्या मुलाच्या अंगावर सूज आहे, लघवी कमी आहे, बीपी चढलेले आहे, त्याचे मीठ कमी करायचे असते. आजाराचे नाव एक असले तरी दोन मुलांचे ताट वेगळे असते.

दुधाचेही तसेच. बिघडलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता न येणारे फॉस्फरस आणि पोटॅशियम आईच्या दुधात सर्वांत कमी, गाई-म्हशीच्या दुधात कितीतरी जास्त. ‘अशक्त आहे, म्हशीचे घट्ट दूध द्या’ हा सल्ला या बाळांना महाग पडतो. मात्र प्रथिने तोडू नयेत. वाढत्या मुलाचे वरण, अंडे बंद केले तर किडनी त्याने वाचत नाही, मूल तेवढे खंगते.

मग खाण्याचा सोडा. बिघडलेली किडनी आम्ल बाहेर टाकू शकत नाही आणि ते आम्ल हाडे झिजवते, वाढ थांबवते. रक्तातले बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, २२ च्या वर ठेवायचे असते. त्यासाठी सोडिअम बायकार्बोनेटची ५०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, एका गोळीत साधारण ६ मिलिइक्विव्हॅलंट. किंमत अगदी किरकोळ. तरी ती चुकते, कारण चव वाईट, पोट फुगते, मूल थुंकते, आणि ‘सोडाच तर आहे’ म्हणून घरचेही आग्रह सोडतात. या आजारात इतक्या कमी पैशात इतका फायदा देणारे दुसरे औषध मला माहीत नाही.

तापाला घरोघरी दिले जाणारे आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिडचे सिरप या मुलांना देऊ नये. दोन्ही किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. पॅरासिटामॉल चालते. बाटलीवरचे नाव पाहण्याची सवय आजी-आजोबांसकट घरातल्या प्रत्येकाला हवी.

आणि अन्न. रक्तात विषारी द्रव्ये साठली की मुलाची भूक मरते आणि उलट्या होतात. पहिली दोन वर्षे उंची आणि मेंदूची वाढ जवळजवळ पूर्णपणे पोटात जाणाऱ्या उष्मांकांवर चालते, तेव्हा गमावलेले सेंटिमीटर पुढे क्वचितच परत मिळतात. तोंडाने जात नसेल तर नाकातून पोटात नळी घालून रात्री हळूहळू दूध सोडावे लागते. नळीचे नाव काढले की घरात रडारड होते, ‘आता एवढ्यावर आले का’ असे वाटते. ती शेवटची पायरी नाही. मूल वाढावे म्हणून घातलेली आहे. वाढीचा चार्ट इथे हौसेसाठी ठेवायचा नसतो. ज्यांची उंची फार खुंटलेली असते, त्या मुलांत मृत्यूचा धोकाही जास्त आढळतो. खुंटलेली उंची हे आत चाललेल्या अनेक बिघाडांचे बाहेर दिसणारे माप आहे.

याच काळातली दुसरी मोठी गोष्ट बीपी. युरोपात ३ ते १८ वर्षांच्या ३८५ मुलांवर झालेल्या ‘एस्केप’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सगळ्यांना रॅमिप्रिल हे बीपीचे औषध दिले होते. निम्म्यांचे बीपी नेहमीच्या मर्यादेत ठेवले, निम्म्यांचे त्या उंचीच्या निरोगी मुलांच्या मधल्या रेषेच्याही खाली. पाच वर्षांत किडनीचे काम निम्म्यावर येणे किंवा ती पूर्ण निकामी होणे हे पहिल्या गटात ४१.७ टक्के मुलांत घडले, दुसऱ्यात २९.९ टक्के. वेगळे काही केले नाही, फक्त बीपी आणखी खाली आणले. पण ते खाली आणायला आधी नीट मोजावे लागते आणि मोजायला योग्य पट्टा लागतो. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ४० टक्के रुंद हवी, लांबी घेराच्या किमान ८० टक्के. अरुंद पट्टा बीपी जास्त दाखवतो, मोठा पट्टा कमी. ओपीडीत एकच मोठ्यांचा पट्टा असला की चार वर्षांच्या मुलाचे चढलेले बीपी नॉर्मल दिसते आणि कागदावर तसेच लिहिले जाते. लहान मुलांच्या पट्ट्याला फार पैसे पडत नाहीत. तो बहुतेक वेळा नसतो, आणि याची चीड येते.

एवढे करूनही एक दिवस किडनी थांबते. लहान मुलासाठी तेव्हा पोटाचे डायलिसिस बहुधा सर्वांत सोयीचे. पोटाच्या आतल्या अस्तराचा गाळणीसारखा उपयोग करायचा: बेंबीच्या बाजूने बसवलेल्या मऊ नळीतून साखर-क्षारांचे पाणी आत सोडायचे, काही तास ठेवायचे, काढून टाकायचे.

हे घरात होते, म्हणून घर कसे असावे लागते ते पाहा. खोलीचे दार आणि खिडकी बंद. पंखा बंद. मांजर बाहेर. करणाऱ्याच्या तोंडावर मास्क, मुलाच्याही. हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि मग पूर्ण कोरडे, कारण ओलसर हातावरून जंतू सहज पसरतात. पिशवी अंगाच्या उबेइतकी गरम, पण कोरड्या उष्णतेने. गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही, बादलीतले पाणी तोंडाशी पोचते. तारीख, साखरेचा टक्का, गळती पाहायची. टोपण काढून नळ्या जोडायला पाच-सात सेकंद लागतात, आणि सगळी दक्षता त्या पाच-सात सेकंदांसाठी आहे. त्या वेळात बोलायचे नाही, टोक कशालाही लागू द्यायचे नाही. लागलेच तर पुसून चालत नाही. पोटाच्या नळीवरचा चिमटा बंद ठेवायचा, पिशवी बाद करायची आणि डायलिसिस युनिटला फोन करायचा. आधी पोटातले जुने पाणी बाहेर. मग ताज्या पाण्याचा थोडा ओघ थेट निचऱ्याच्या पिशवीत सोडून नळी धुवायची. मग पोटात.

किती सोडायचे? दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ११०० ते १४०० मिली, तान्ह्यांना ६०० ते ८००. दहा किलोच्या मुलाचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस मीटर, म्हणजे त्याला साधारण अर्धा लिटर. पिशवी मात्र बहुतेक ठिकाणी दोन लिटरचीच मिळते. आई पिशवी ताणकाट्याला टांगते, काटा अर्ध्या किलोने उतरला की चिमटा बंद करते आणि उरलेले दीड लिटर मोरीत जाते. उघडलेली पिशवी पुन्हा वापरता येत नाही. पैसे दोन लिटरचे पडतात. लहान पिशव्या सगळीकडे मिळाल्या तर कितीतरी घरांना हे डायलिसिस परवडेल.

बाहेर आलेली पिशवी छापील वर्तमानपत्रावर ठेवून पाहायची. पाण्यातून अक्षरे वाचता आली तर ठीक. अक्षरे धूसर दिसली, पाणी गढूळ असले, तर ती पिशवी फेकायची नाही, तीच घेऊन रुग्णालय गाठायचे, दुखत नसले तरी आणि रात्र असली तरी. त्या पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये १०० हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) निघाले की पोटात संसर्ग झाला असे धरून प्रतिजैविक थेट डायलिसिसच्या पाण्यातूनच देतात. वेळेवर गेले तर बहुतेक संसर्ग आटोक्यात येतात. बुरशीचा असेल तर नळी काढावीच लागते. पाणी आत जाते पण बाहेर येत नाही, ही नेहमीची तक्रार, आणि तिचे सर्वांत नेहमीचे कारण नळीत नसून बद्धकोष्ठात असते. फुगलेले आतडे नळीला बाजूला ढकलते. पोट साफ झाले की पाणी पुन्हा वाहू लागते.

रक्ताचे डायलिसिस लहान मुलाला करता येते, पण त्याची मापे वेगळी सांभाळावी लागतात. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त ८०० मिली. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे ८० मिलीपेक्षा जास्त रक्त एका वेळी अंगाबाहेर असू नये. मोठ्यांच्या नळ्या आणि गाळणी मिळून २०० मिलीच्या वर रक्त धरतात. त्या तशाच लावल्या तर यंत्र सुरू होताच मूल निपचित पडते. लहान नळ्या नसल्या तर यंत्र दात्याच्या रक्ताने भरून घेतात, पण परक्या रक्ताने शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणे अवघड होते. म्हणजे आज वाचवलेल्या नळीची किंमत पाच वर्षांनी भरावी लागते. शिरांचेही असेच. ज्या मुलाची किडनी जाणार आहे त्याच्या कोपराजवळच्या आणि मनगटावरच्या शिरांत सलाइन लावू नये, पंजाच्या मागची शीर वापरावी. त्या शिरांवर पुढे फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनीचा जोड, करायचा असतो. नव्या सिस्टरला हे ठाऊक असेलच असे नाही. आईवडिलांनी न लाजता सांगावे.

हृदयाकडे परत येतो. लहानपणापासून डायलिसिसवर असलेल्या तरुणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या २००० मध्ये स्कॅनने तपासल्या गेल्या. विशीच्या आतल्या २३ जणांत कोणाच्याही वाहिनीत कॅल्शियम साचलेले नव्हते. २० ते ३० वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांत होते. फॉस्फरस बांधण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांतले कॅल्शियम त्यांच्या पोटात, वाहिन्या स्वच्छ असलेल्यांच्या जवळपास दुपटीने जात होते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाच्या घासाबरोबर चावून घेतले तरच ते अन्नातल्या फॉस्फरसला पकडते. उपाशीपोटी घेतले तर फॉस्फरस तसाच राहतो आणि कॅल्शियम मात्र रक्तात शिरते. सकाळी सगळ्या गोळ्या एकत्र पाण्याबरोबर घेऊन मोकळे होण्याची पद्धत घराघरात आहे. या गोळीच्या बाबतीत ती मोडायला हवी.

प्रत्यारोपणासाठी बहुतेक केंद्रे मुलाचे वजन दहा किलोच्या आसपास होण्याची वाट पाहतात, आणि त्यामागे त्या शस्त्रक्रियेतला एक क्षण आहे. मोठ्या माणसाची किडनी मुठीएवढी, दहा-अकरा सेंटिमीटर लांब. ती दहा किलोच्या मुलाच्या पोटात थेट महारोहिणी आणि महाशिरेला जोडतात. टाके पूर्ण झाले की चिमटे सोडायचे. त्या क्षणी पांढुरकी पडलेली किडनी दोनएकशे मिली रक्त एकदम ओढून घेते, आणि मुलाच्या अंगात आहेच ८००. भूलतज्ज्ञाने आधीच सलाइन आणि रक्त देऊन मुलाला तुडुंब भरून ठेवलेले नसेल तर बीपी कोसळते, नव्या किडनीत रक्त गोठते आणि आईची किडनी पहिल्याच तासात वाया जाते. सगळे जमले तर ती टेबलावरच गुलाबी होते आणि मूत्रवाहिनीतून लघवीचे थेंब यायला लागतात. पुढचे काही दिवस दर तासाला लघवी मोजून तितकेच मिली पाणी परत द्यायचे.

आज श्रीमंत देशांत जिवंत दात्याची किडनी मिळालेल्या १०० मुलांपैकी ९५ हून अधिक मुले पाच वर्षांनी हयात असतात. नवी किडनी मात्र जन्मभराची नसते. आठव्या वर्षी किडनी मिळालेल्या मुलाला तिशीच्या आसपास दुसरी लागण्याचा संभव असतो. म्हणून पहिल्या वेळी शक्य तितकी चांगली जुळणी, आणि म्हणून विनाकारण रक्त चढवणे नको. गोवर, गालगुंड, कांजिण्यांच्या जिवंत लशी प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी उरकायच्या, नंतर त्या सहसा देता येत नाहीत.

नंतर शरीराचा नकार रोखणारे टॅक्रोलिमस, बारा तासांच्या अंतराने, जन्मभर. रक्तातली पातळी सकाळच्या गोळीच्या आधी तपासायची. गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा फसवा येतो. क्षयाचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सचे फेनिटॉइन पातळी पाडतात, क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल चढवतात. कोकणातल्या परसात असलेले पपनस या औषधाची पातळी वाढवते, हे कोणी सांगत नाही, ते टाळावे. जुलाब लागले तर औषध कमी शोषले जाईल असे वाटते, पण उलट होते, पातळी वाढते आणि किडनीला इजा करते. जुलाबाच्या आजारात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळी तपासून घ्यावी.

आपल्याकडे या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. ऑस्ट्रेलियाच्या वहीत १,६३४ मुले आली कारण ती उपचारापर्यंत पोचली. खेड्यात ‘उलट्या होऊन, पांढरे फटक पडून’ गेलेले मूल कोणत्याच वहीत येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, वजन-उंची घेतात. वयाच्या मानाने फार ठेंगणे, फिकट, रात्री सतत पाणी मागणारे मूल दिसले तर त्याच भेटीत बीपी आणि लघवीत बुडवायची तपासणीची एक पट्टी पाहता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण आहे, केंद्राच्या डायलिसिस योजनेत २०१९ पासून पोटाचे डायलिसिसही आले. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी बालकिडनीतज्ज्ञ बहुधा नसतो आणि आईवडिलांपैकी एकाची रोजी बुडत राहते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांनाही जवळचे नातेवाईक मानले, ही मुलांसाठी मोठी सोय झाली. भारतात जिवंत दात्यांत बायका जास्त आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र मुलांच्या वॉर्डातही पुसले गेलेले नाही. मुलगी आजारी असते तेव्हा घरात दाता शोधायला अधिक वेळ लागतो. हे लिहितानाही त्रास होतो.

सर्वांत धोक्याचा काळ मात्र सगळे सुरळीत झाल्यावर येतो. नवी किडनी गमावण्याचे प्रमाण १७ ते २४ या वयात सर्वांत जास्त, मग प्रत्यारोपण पाचव्या वर्षी झालेले असो की पंधराव्या. हॉस्टेल, परीक्षा, गोळ्यांनी सुजलेला चेहरा, मित्रांपासून लपवलेली डबी. आणि नेमक्या याच वयात मुलांच्या ओपीडीतून मोठ्यांच्या ओपीडीत जायचे असते. बारा-तेराव्या वर्षापासून मुलाने स्वतःच्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि कारणे स्वतः सांगायला शिकावे, डॉक्टरांनी काही वेळ आईला बाहेर बसवून त्याच्याशी बोलावे. अठराव्या वाढदिवशी फाइल नुसती दुसऱ्या खिडकीवर सरकवली तर ती मुलगी किंवा मुलगा महिनोन्‌महिने कुठेच जात नाही.

त्या फाइलबरोबरच्या पत्रात मूळ आजार, दात्याचे नाते, जुळणी, प्रतिपिंडे, बायोप्सीचे निकाल, लशी आणि मागच्या वर्षभरातल्या टॅक्रोलिमसच्या पातळ्या लिहितात. त्यात उंचीही लिहावी, ठळक. कारण मोठ्यांच्या ओपीडीत किडनीचे काम मोजण्याचे सूत्र बदलते. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनीन १.५ असेल तर मुलांच्या सूत्राने उत्तर येते ४१. मोठ्यांसाठीच्या २०२१ च्या सूत्रात उंची नाही. तेच रक्त, तीच किडनी, आणि १८ वर्षे वय घातले की उत्तर ६९. नव्या डॉक्टरांना वाटते, प्रकृती सुधारली आहे, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. वय १ ते २५ साठी तयार केलेले एक वेगळे सूत्र आहे, त्यात वय आणि लिंगाबरोबर उंची लागते. ओपीडीच्या दाराशी, वजनकाट्याच्या शेजारच्या भिंतीवर, एक टेप चिकटवलेली असते. त्या मुलाला तिथे चपला काढून सरळ उभे करायचे आणि आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचा.